नांदेड चव्वेचाळीस

महाराष्ट्रातल्या संशोधनसंस्था मोजायला बसलं की पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आठवते, मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आठवतं, नागपूरची ‘नीरी’ आठवते. नांदेडचं कापूस संशोधन केंद्र कुणाच्या यादीत नसतं. पण मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात चार पैसे थेट कुठल्या संशोधनानं घातले असा हिशेब मांडला, तर या केंद्राचं नाव पहिल्या दोन-तीनांत घ्यावं लागेल. तिथून १९८४च्या सुमारास बाहेर पडलेल्या संकरित कापसाचं कागदोपत्री नाव एनएचएच-४४. गावोगाव त्याला नुसतं ‘नांदेड चव्वेचाळीस’ म्हणत, आणि शेताच्या बांधावर तेवढं पुरत असे.

नांदेडला कापूस काही विद्यापीठानं शिकवला नाही. निजामाच्या काळात नांदेड-परभणी हा ‘गावरानी’ कापसाचा नावाजलेला पट्टा होता. गावरानी म्हणजे देशी कापूस: मुळं खोल, अंग काटक, बोंड लहान, पण धागा इतर देशी जातींच्या मानानं लांब आणि मऊ. त्यात दुसरा हलका कापूस मिसळू नये म्हणून हैदराबाद संस्थानानं हा पट्टा राखीव ठेवला होता. १९१८ साली परभणीला प्रयोगक्षेत्र निघालं. पुढे भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या मदतीनं निवड पद्धतीचं काम सुरू झालं. शेतातली सरस झाडं हेरायची, त्यांची सरकी वेगळी ठेवायची, पुन्हा पेरायची, पुन्हा निवडायची. ‘गावरानी-६’ आणि ‘गावरानी-१२’ ही वाणं अशीच निघाली. नांदेडची उस्मानशाही मिल त्याच सुबत्तेची खूण.

संस्थान गेलं, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, आणि ही प्रयोगक्षेत्रं वारसाहक्कानं नव्या सरकारकडे आली. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. ते वर्ष महादुष्काळाचं. नांदेडचं केंद्र या विद्यापीठाच्या छत्राखाली गेलं. त्याच सुमारास कापसाच्या दुनियेत एक मोठी उलथापालथ घडत होती, आणि ती अमेरिकेत नव्हे, सुरतेत.

मक्याचं संकरित बियाणं अमेरिकेनं १९३०च्या दशकातच घरोघर नेलं होतं. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली, म्हणजे नर आणि मादी एकाच झाडावर पण वेगळ्या जागी. तुरा उपटून टाकला की झाड मादी झालं. कापसाचं तसं नाही. एकाच फुलात मधोमध स्त्रीकेसर आणि त्याच्याभोवती शेकडो परागकोश. फूल उमलताच ते स्वतःशीच फळतं. संकर करायचा तर आदल्या दिवशी कळी उघडून तिचे परागकोश हातानं काढायला हवेत, तेही एकेका कळीचे. अमेरिकेतल्या मजुरीच्या दरानं हे बियाणं सोन्याच्या भावात पडलं असतं, म्हणून तिकडच्या शास्त्रज्ञांनी तो नाद सोडला. संकरित कापूस प्रयोगाच्या वाफ्यात शक्य आहे, शेतात नाही, असा जगभरचा समज झाला.

सुरतच्या केंद्रातले डॉ. सी. टी. पटेल यांनी तो समज मोडला. गुजरात-६७ आणि अमेरिकन नेक्टरीलेस यांचा संकर करून त्यांनी १९७० साली ‘संकर-४’ दिला. व्यापारी तत्त्वावर लावलेला हा जगातला पहिला संकरित कापूस. दोन वर्षांत धारवाडहून डॉ. बी. एच. कटारकी यांची ‘वरलक्ष्मी’ आली. गरीब देशातलं संशोधन म्हणजे श्रीमंतांनी शोधलेलं उशिरानं आपल्याकडे रुजवणं, अशी एक रूढ कल्पना आहे. इथं गाडी उलटी धावली. हातांची मुबलकता हेच तंत्रज्ञान झालं, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना ते परवडेना.

ते हात काय करत होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. बीजोत्पादनाच्या शेतात मादीच्या ओळी जास्त, नराच्या थोड्या. दुपारी तीन-साडेतीननंतर बायका मादीच्या ओळींत शिरतात. उद्या उमलणारी कळी ओळखू येते, तिचं पिवळसर टोक पानांच्या झालरीतून वर डोकावत असतं. डाव्या हातानं कळी धरायची, उजव्या अंगठ्याचं नख पाकळ्यांच्या बुडाशी रोवायचं आणि गोल फिरवायचं. नख बरोबर फिरलं तर पाकळ्या आणि परागकोश एका झटक्यात सालीसारखे निघून येतात, आणि मधला स्त्रीकेसर उघडा पडतो. नख जरा खोल गेलं तर आतल्या कोवळ्या बोंडावरचा पांढरा पापुद्रा फाटतो, आणि ते बोंड गळतं. मग त्यावर रंगीत कागदाची टोपी. रंग एवढ्यासाठी की सकाळी ती लांबून दिसावी. दुसऱ्या दिवशी आठ ते अकराच्या दरम्यान नराची फुलं खुडून आणायची, टोपी काढायची, पराग घासायचा. एका नरफुलात चार-पाच माद्या उरकतात. मग देठाला दोरा बांधायचा. वेचणीच्या वेळी दोरा असलेलं बोंड तेवढं बियाण्याचं, बाकीचं सगळं साध्या कापसात. हे काम हंगामात दोन महिन्यांहून अधिक काळ, रोज, सकाळ-संध्याकाळ चालतं.

बीजोत्पादनात मुलींना कामाला लावायची रीत पडली ती याच कामामुळे. लहान बोटांनी कळी नाजूक सोलली जाते, उंची झाडाएवढीच असते आणि मजुरी कमी द्यावी लागते, अशी कारणं राजरोस सांगितली जात. आंध्र आणि गुजरातेतल्या बियाण्याच्या शेतांतल्या बालमजुरीवर नव्वदच्या दशकापासून बरंच लिहिलं गेलं. संकरित कापसाच्या यशाची गोष्ट सांगताना हे पान वगळण्याची आपल्याकडे सवय आहे. शास्त्रज्ञांच्या सत्कारसमारंभात त्या बोटांचा उल्लेख मी तरी ऐकलेला नाही.

नांदेडच्या केंद्राला संकर-४ आणि वरलक्ष्मीच्या उण्या बाजू दिसत होत्या. ही वाणं पाण्यावरच्या जमिनीत बहरत. त्यांना मुदत लांब, खत भरपूर आणि फवारण्या वेळच्या वेळी लागत. मराठवाड्याचा कापूस उभा राहतो काळ्या जमिनीत, आभाळाच्या भरवशावर. जूनचा पाऊस ओढ देतो, ऑगस्टात मोठी उघडीप पडते, मग सप्टेंबरात एकदम कोसळतो. शिवाय तुडतुडे. पानांच्या खालून रस शोषणारी ही हिरवट कीड पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग तांबड्या करते, आणि झाड करपल्यासारखं दिसू लागतं.

बिकानेरी नरमा कुळातली बीएन-१ ही मादी आणि एसी-७३८ हा नर, यांच्या संकरातून नांदेड-४४ तयार झालं. त्याची कीर्ती दोन गुणांवर पसरली. एक, तुडतुड्यांना ते बऱ्यापैकी दाद देत नसे. दुसरा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पावसानं ओढ दिली, पात्या-फुलं गळून गेली, शेतकऱ्यानं पीक हातचं गेलं असं धरलं, आणि नंतर एक चांगला पाऊस झाला, तर हे झाड पुन्हा फुटायचं, नव्यानं पात्या धरायचं. कोरडवाहू शेतीत चांगल्या वर्षी दहा क्विंटल देणारं वाण आणि वाईट वर्षी तीन तरी पदरात टाकणारं वाण, यांत शेतकरी दुसरं निवडतो. विक्रमी उत्पादनाच्या आकड्यांवर भाळणाऱ्यांना हे सहज कळत नाही.

नांदेड-४४ मराठवाड्यापुरतं राहिलं नाही. विदर्भात, मध्य प्रदेशात, आणि आदिलाबादच्या बाजूनं तेव्हाच्या आंध्रात ते गेलं. नव्वदच्या दशकात मध्य भारतात सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या संकरित वाणांत त्याची गणना होती. नव्या वाणांच्या चाचण्यांत तुलनेला शेजारी नांदेड-४४ लावत. त्याच्यापेक्षा सरस ठरलं तर वाण पुढे जायचं. विद्यापीठ मूळ बियाणं पुरवी, राज्याचं बियाणे महामंडळ ‘महाबीज’ आणि खासगी कंपन्याही ते वाढवून विकत. सरकारी संशोधन आणि बाजार यांचं इतकं सरळ नातं कापसात पुन्हा दिसलं नाही.

एका शत्रूपुढे मात्र हे वाण उघडं होतं: बोंडअळी. १९८०च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड ही नवी कीटकनाशकं आली आणि सुरुवातीला जादू झाल्यासारखी अळी मरू लागली. काही वर्षांत अळी पचवायला शिकली. मग दोन औषधं मिसळा, तीन मिसळा, आठवड्याला फवारा. १९९७-९८च्या हंगामात वरंगळ भागातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्यांत कापूस, बोंडअळी आणि औषधाच्या दुकानातली उधारी हे तिन्ही शब्द एकत्र येत. पुढे त्याच बातम्या यवतमाळहून आल्या, नांदेडहून आल्या.

यावर तोडगा म्हणून आला बीटी. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसाच्या पेशीत घातला की झाडच अळीला मारक असं प्रथिन तयार करतं. मोन्सॅन्टोनं तो अमेरिकन कोकर-३१२ या वाणात घातला होता. जालन्याच्या ‘महिको’नं १९९६ साली त्या वाणाचं शंभर ग्रॅम बियाणं भारतात आणलं. शंभर ग्रॅम, म्हणजे बायांच्या ओंजळीत मावेल एवढं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली उभारलेली ही कंपनी मराठवाड्यातलीच. म्हणजे खासगी बाजूनं जालना आणि सरकारी बाजूनं नांदेड, अशी दोन्ही टोकं एकाच प्रदेशात होती. त्यांची गाठ कधी नीट पडली नाही.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीनं बीटी कापसाला मान्यता दिली. वाणं तीन: मेक-१२, मेक-१६२, मेक-१८४. तिन्ही महिकोची, तिन्ही संकरित. (त्याआधीच्या वर्षी गुजरातेत नवभारत-१५१ नावाचं बेकायदा बीटी हजारो एकरांवर उभं सापडलं होतं, म्हणजे परवाना मिळायच्या आधी जनुक शेतात पोचलेला होता.) या तीन वाणांत बोंडअळीचा बंदोबस्त होता, पण रसशोषक किडी आणि पावसाची ओढ यांना तोंड देण्याची ताकद नांदेड-४४सारखी नव्हती. म्हणून बियाण्याला आधीच कीटकनाशकाचा लेप. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा, १,२५० रुपये, निव्वळ जनुकाच्या हक्काचा. २००६ साली आंध्र सरकारनं मक्तेदारीविरोधी आयोगाकडे दाद मागितल्यावर ही किंमत ७५० रुपयांवर आली. पाकिटाबरोबर बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची छोटी पुडी येई. कडेनं पाच ओळी पेरा म्हणजे अळी लवकर पचवायला शिकणार नाही, असा तिचा हेतू. ती पुडी किती शेतकऱ्यांनी पेरली हे विचारू नये.

पुढच्या दहा वर्षांत परवाना मिळालेल्या बीटी संकरित वाणांची संख्या हजारावर गेली आणि देशातल्या कापसाचं नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली आलं. त्या हजारांत सरकारी संशोधनाचं वाण शोधावं लागे. नांदेड-४४ची मागणी दोन-चार हंगामांत आटली. त्याच्यात कुठला दोष निघाला म्हणून नव्हे. त्याच्या अंगात तो एक जनुक नव्हता, एवढंच.

मला या साऱ्या इतिहासात खरी मेख इथं दिसते. जनुक चांगला की वाईट यावर आपण वीस वर्षं भांडलो. तो कुठल्या झाडात घातला यावर फारसं कुणी बोललं नाही. अमेरिकेत आणि चीनमध्ये बीटी कापूस प्रामुख्यानं सरळ, म्हणजे बिगर-संकरित, वाणांत आला. चीननं तर गुओ सांदुई यांच्या चमूकडून स्वतःचा बीटी जनुक तयार करून घेतला आणि नव्वदच्या दशकातच शेतात उतरवला. भारतात कंपन्यांना संकरितच हवं होतं, कारण संकरिताची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत आणि जोम उतरतो. म्हणजे गिऱ्हाईक दरवर्षी दुकानात परत येणार. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला: लांब मुदतीच्या, महागड्या, विरळ लावायच्या संकरित झाडांत अडकल्यामुळे भारताची कापसाची शेती मागे पडली. ही अडकण सुरतेच्या आणि नांदेडच्या यशातूनच तयार झाली होती. संकरित कापूस शेतकऱ्यापर्यंत नेण्यासाठी सरकारी शास्त्रज्ञांनी जी वाट पाडली, तीच वाट पुढे कंपन्यांना जकातनाक्यासारखी वापरता आली. त्या शास्त्रज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८०मध्ये सरकारी संस्थाच बियाणं देणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं आणि तसं धरण्यात तेव्हा काही गैर नव्हतं.

सरकारी बाजूनं एकदा प्रयत्न झाला, आणि त्याची हकिगत वाईट आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ यांनी मिळून बिकानेरी नरमात बीटी जनुक घातला. २००८मध्ये त्याला मान्यता मिळाली. हे सरळ वाण होतं, शेतकऱ्यानं घरची सरकी पुन्हा पेरावी असं. आणि नांदेड-४४ची मादी याच कुळातली असल्यामुळे ‘नांदेड-४४ बीटी’ही त्यातून करता आलं. २००९च्या खरिपात बियाणं शेतात गेलं. त्याच वर्षाअखेर ते मागे घ्यावं लागलं. सरकारी म्हणून गाजवलेल्या त्या बियाण्यात मोन्सॅन्टोचाच मॉन-५३१ हा बीटी जनुक सापडला होता. डॉ. सुधीर सोपोरी यांच्या समितीनं २०१२मध्ये अहवाल दिला, संस्थांच्या कामातला ढिलेपणा उघड झाला. गंमत, खरं तर गंमत म्हणवत नाही, अशी की मॉन-५३१वर भारतात पेटंटच नव्हतं. उघडपणे वापरला असता तरी कुणी अडवू शकलं नसतं.

नांदेड-४४ शेवटी बीजी-२च्या, म्हणजे दोन बीटी जनुकांच्या, रूपात आलं ते महाबीजशी करार होऊन, २०१० नंतरचं दशक संपत आलं तेव्हा. तोवर २०१७चा हंगाम होऊन गेला होता. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यातली उभी बोंडं आतून पोखरली. बोंड बाहेरून धड दिसे आणि हातात घेऊन फोडलं की आत किडलेली सरकी आणि कवडी झालेली रुई. दोन्ही जनुक अळीनं पचवले होते. वाण पंधरा वर्षं उशिरा आलं, आणि ज्या कामासाठी आलं ते काम होण्याची वेळ टळून गेली होती.

नांदेडहून नैर्ऋत्येला लातूरकडे गेलं की कापूस विरळ होत जातो. लातूरला विद्यापीठाचं गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. तिथं सूर्यफुलावर बरंच काम झालं, एलएसएफएच-३५ आणि एलएसएफएच-१७१ ही संकरित सूर्यफुलं तिथलीच. लातूर-उस्मानाबादचे माळ एके काळी सूर्यफुलानं पिवळे होत. पानांवरचा करपा आला, १९९७च्या सुमारास नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग आला, खाद्यतेलाची आयात वाढली, भाव पडले. ती जागा सोयाबीननं घेतली. आज लातूरच्या आडतीत सोयाबीनच्या भावावर साऱ्या जिल्ह्याची दिवाळी ठरते.

आणि सोयाबीनमध्ये घडलं ते कापसाच्या बरोबर उलट. मराठवाडा ज्या वाणानं व्यापला ते जेएस-३३५ जबलपूरच्या सरकारी विद्यापीठाचं, १९९४ सालचं. नंतर परभणीची एमएयूएस-७१, १५८, १६२, ६१२ ही वाणं आली, तीही सरकारी. सोयाबीनचं फूल मिटलेलं असतानाच फळतं, संकर करून बियाणं विकणं व्यवहारात बसत नाही, म्हणून कुठल्या कंपनीला त्यात फारसा रस वाटला नाही. शेतकरी घरचं बियाणं ठेवतो. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करायची, पाच-सहा दिवसांनी उलगडून मोड मोजायचे, सत्तर निघाले तर बियाणं पेरणीजोगं, कमी निघाले तर एकरी दाणे वाढवायचे. कृषी खात्याचे सहायक ही चाचणी दरवर्षी गावोगाव करून दाखवतात. ही चाचणी सत्तर वर्षांची आजीबाई करू शकते. नांदेड-४४ किंवा कुठल्याही संकरित कापसाच्या बाबतीत तिला असं काही करता येत नाही.

आता नांदेडच्या केंद्रानं वळण घेतलं आहे. एनएच-६१५, एनएच-६३५ अशी बिगर-बीटी सरळ वाणं तिथं आधीपासून निघत होती. २०२४च्या सुमारास एनएच-१९०१, एनएच-१९०२ आणि एनएच-१९०४ ही सरळ बीटी वाणं मध्य भारतासाठी मान्य झाली. देशातल्या राज्य कृषी विद्यापीठांत असं काम पहिलंच असल्याचं विद्यापीठ सांगतं, आणि तो अभिमान गैर नाही. यांतला जनुक जुना, पहिल्या पिढीतला आहे. गुलाबी बोंडअळी त्याला भीक घालत नाही, हे संशोधकांनाही माहीत आहे. त्यांचा भर वेगळ्या गोष्टींवर आहे: झाडं दाट लावायची, पीक लवकर आटपायचं, म्हणजे गुलाबी अळीचा जोर वाढायच्या आत वेचणी उरकते. फरदड, म्हणजे वेचणीनंतर पुन्हा राखलेलं उभं पीक, ठेवायची नाही. आणि सरकी घरची.

पण सरळ वाणाचं बियाणं वाढवणार कोण, हा प्रश्न तसाच आहे. शेतकरी तीन वर्षांतून एकदाच विकत घेणार असलेला माल कुणी व्यापारी हौसेनं गोदामात भरत नाही. मग महाबीज, नाहीतर विद्यापीठाची स्वतःची प्रक्षेत्रं. १८ मेला, स्थापनादिनी, परभणीत खरीप मेळावा भरतो आणि बियाण्याच्या विक्रीला रांग लागते. नांदेड, लातूर, हिंगोलीचे शेतकरी त्यात असतात. ती रांग मुख्यतः तूर आणि सोयाबीनची, म्हणजे एकदा नेलं की पुढच्या वर्षी घरातून काढता येईल अशा पिकांची. कापसाचं पाकीट घ्यायला त्यांतले बहुतेकजण जूनमध्ये अजूनही मोंढ्यातल्या दुकानात जातात.